टूव्हिक्सचं कोण होतं?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका रात्री हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघींनी 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'चा एक भाग पाहिला आणि त्यावरून पहाटे साडेतीनपर्यंत भांडलो. दुसऱ्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिम्सची परीक्षा होती. तिचं जे व्हायचं ते झालं. भांडण मात्र अजून संपलेलं नाही. आता चौघी चार शहरांत आहोत, दोघींची लग्नं झालीत, एकीला मूल आहे, आणि तरी व्हॉट्सअ‍ॅपवर मध्येच कुणीतरी 'जेनवेचं बरोबरच होतं' एवढंच लिहून पाठवतं आणि रविवार वाया जातो.

त्या भागाचं नाव 'टूव्हिक्स'. तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला ६ मे १९९६ रोजी, म्हणजे आम्हा चौघींच्याही जन्माच्या आधी. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांमध्ये दोन तट पाडायचे असतील तर आजही हे एक नाव उच्चारणं पुरतं. एक बाजू म्हणते, कॅप्टनने खून केला. दुसरी म्हणते, कॅप्टनने आपली दोन माणसं परत आणली. गंमत अशी, की दोन्ही बाजू एकाच प्रसंगाबद्दल बोलत असतात आणि दोघींचंही वर्णन खरं आहे.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. (पुढे शेवट फुटणार आहे. पण तीस वर्षं होत आली, आता त्याबद्दल माफी मागत बसत नाही.)

व्हॉयेजर हे दीडशेच्या आसपास माणसांचं अंतराळयान पृथ्वीपासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलेलं आहे. घरी पोचायला पंचाहत्तर वर्षं लागतील. मेलेल्या माणसाच्या जागी बदली मिळणार नाही, आणि अडचण आली तर वरिष्ठांना विचारता येणार नाही. जे काय ठरवायचं ते कॅप्टन कॅथरीन जेनवेनेच. यानाचा सुरक्षाप्रमुख टूव्हॉक हा व्हल्कन वंशाचा, भावना मुठीत ठेवणारा, काटेकोर, जेनवेचा जुना विश्वासू मित्र. त्याची बायको आणि चार मुलं तिकडे घरी आहेत. नीलिक्स हा यानाचा स्वयंपाकी. तोंडाचा पट्टा सतत चालू, आणि टूव्हॉकला हसवायचंच असा पण केल्यासारखा त्याच्या मागे लागलेला. हे दोघे एका ग्रहावर वनस्पतींचे नमुने आणायला जातात. ट्रान्सपोर्टरने परत येताना यंत्रातून एकच माणूस बाहेर पडतो. गोळा केलेल्या ऑर्किडसारख्या फुलातल्या एका विकरामुळे दोघांचं मिश्रण झालेलं असतं. हे विज्ञान कच्चं आहे. ते तसंच गिळून पुढे जायचं.

या नव्या माणसाला दोघांच्याही आठवणी आहेत. पण तो स्वतःला दोघांपैकी कुणीच समजत नाही. तो स्वतःसाठी 'टूव्हिक्स' हे नाव घेतो. सुरक्षेचं काम उत्तम करतो, स्वयंपाकही उत्तम करतो, विनोद करतो आणि ते चक्क हसू येण्याजोगे असतात. काही आठवडे जातात. लोक त्याला सरावतात. मग यानाच्या डॉक्टरला दोघांना पुन्हा वेगळं करण्याची रीत सापडते, आणि टूव्हिक्स म्हणतो, नको. मला जगायचंय.

जेनवे त्याचं ऐकून घेते, चकोटे या आपल्या उपप्रमुखाशी बोलते, रात्रभर विचार करते आणि ठरवते. नियंत्रणकक्षात टूव्हिक्स एकेका सहकाऱ्याकडे वळून विनवतो. एकही जण त्याच्या बाजूने तोंड उघडत नाही. शेवटी तो सगळ्यांना क्षमा करतो. डॉक्टर म्हणतो, रुग्णाच्या इच्छेविरुद्ध मी त्याचा जीव घेणार नाही. मग जेनवे स्वतः यंत्राशी उभी राहून ते करते. टूव्हॉक आणि नीलिक्स परत येतात. ती दोन वाक्यांत त्यांचं स्वागत करते, बाहेर पडते, मार्गिकेतून चालत येते, आणि केट मलग्रूच्या चेहऱ्यावर जे काही होतं त्यावर भाग संपतो.

त्या रात्री मी जेनवेच्या बाजूने होते. माझं म्हणणं अगदी सोपं होतं : दोन हे एकापेक्षा जास्त असतात. माझी रूममेट, जी खरं तर मेकॅनिकलची होती पण तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचायची, तिने ज्युडिथ जार्व्हिस थॉमसनचा सर्जन काढला. पाच रुग्ण वेगवेगळे अवयव न मिळाल्याने मरणार आहेत, आणि एक धडधाकट माणूस तपासणीला आलाय. त्याला कापून पाच जण वाचवायचे का? कुणीच हो म्हणत नाही. मग इथे दोघांसाठी एक कसा चालतो? मी म्हटलं, त्या माणसाचे अवयव त्याचे स्वतःचे आहेत; टूव्हिक्स मात्र पायापासून डोक्यापर्यंत उसन्या मालाचा आहे. ती म्हणाली, तू कुठल्या मालाची आहेस? तुझ्या आईने तो परत मागितला तर?

तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आज वाटतं, उत्तर आहे आणि तेच जेनवेच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं आहे. माझ्या जन्माने आई नाहीशी झाली नाही. टूव्हिक्सच्या जन्माने दोघे नाहीसे झाले. आणि नाहीसे झाले म्हणजे नेमकं काय झाले? परत आणण्याची रीत हातात असेल तर त्यांना मेलेलं म्हणायचं का? शस्त्रक्रियेत ज्याचं हृदय तासभर बंद ठेवलेलं असतं त्याला आपण मेलेला म्हणत नाही. या हिशेबाने टूव्हॉक आणि नीलिक्स मेलेले नव्हतेच, ते टेबलावर होते. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने कुणीतरी बोलावं लागतं. जेनवे हेच म्हणते, की टूव्हिक्सची बाजू मांडायला टूव्हिक्स आहे, त्या दोघांची मांडायला मीच आहे. जे लोक तिला सरसकट खुनी म्हणतात ते या मुद्द्यावरून फार लवकर पुढे जातात.

पण याच भागात जेनवेच्या तोंडी एक शंका आहे, आणि माझ्या मते सगळा भाग तिच्यावर उभा आहे. चकोटेशी बोलताना ती म्हणते की तो यानावर आला त्या क्षणी ही रीत हातात असती तर मी जराही अडखळले नसते. मग तो अपघात होता तो व्यक्ती कधी झाला? हा प्रश्न नीट बघितला तर विचित्र आहे. पहिल्या मिनिटाला ट्रान्सपोर्टरमधून उतरलेला प्राणीही शुद्धीवर होता. त्यालाही दोघांच्या आठवणी होत्या. विचारलं असतं तर कदाचित त्यानेही 'नको' म्हटलं असतं. तरी आपल्यापैकी बहुतेकांना, मलाही, पहिल्या मिनिटाला वेगळं करणं सहज पटतं आणि काही आठवड्यांनी ते घशात अडकतं. मधल्या आठवड्यांत बदललं काय? त्याच्या पेशी तर त्याच होत्या.

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, नोकरीत मिळालं. एका रात्री आमच्या टीमने डेटाबेसमध्ये एक मोठा बदल केला आणि तो फसला. फसलाय हे कळायला चार तास गेले. अशा वेळी काय करायचं हे आमच्या धंद्यात ठरलेलं असतं : रोलबॅक. शेवटची नीट चालणारी अवस्था परत आणायची, मग शांतपणे चूक शोधायची. रोलबॅकला आमच्यात पुण्यकर्माचा दर्जा आहे. जो तो लवकर करतो तो शहाणा. आम्ही आदल्या रात्रीचा बॅकअप परत चढवला, सगळं हिरवं झालं, कुणीतरी चहा मागवला.

पण त्या चार तासांत काही लोकांनी नवी खाती उघडली होती. संख्या किरकोळ होती, हजारो ग्राहकांपुढे हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. ती खाती जुन्या बॅकअपमध्ये असणं शक्यच नव्हतं. रोलबॅक करण्यापूर्वी हे आमच्या लक्षात आलं होतं, आणि मीच म्हटलं होतं की ठीक आहे, परत उघडतील. पुढचे दोन दिवस त्यांची एकही तक्रार आली नाही. आम्हाला वाटलं, कुणाला फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला : तक्रार नोंदवायला लॉगिन लागत होतं, आणि त्यांचं लॉगिनच आम्ही पुसलं होतं.

खात्यांची आणि जिवांची बरोबरी करत नाही मी. पण तेव्हापासून 'टूव्हिक्स' आठवला की मला तो फॉर्म दिसतो. बिघाड झाल्यानंतर जे लिहिलं गेलं तोही डेटाच असतो. पहिल्या मिनिटाला रोलबॅकने जवळजवळ काही पुसलं जात नाही. काही आठवड्यांनी पुसलं जातं ते एक अख्खं आयुष्य, छोटं का असेना. आणि ज्याचं पुसलं जातं त्याला दाद मागायला जागा नसते, कारण दाद मागण्याची सगळी व्यवस्था आधीच्या अवस्थेतल्या लोकांसाठी बांधलेली असते.

यानावर नेमकं हेच होतं. टूव्हॉकची वाट पाहणारे लोक आहेत. नीलिक्सवर प्रेम करणारी केस आहे. (हे तिचं नाव आहे, मराठीत ते कसंही लिहिलं तरी नाइलाज आहे.) टूव्हिक्स मोठ्या आशेने केसकडे जातो, तिने कॅप्टनकडे रदबदली करावी म्हणून. ती कॅप्टनकडे जाते आणि रडत सांगते की मला नीलिक्स परत हवाय. मला हा प्रसंग शेवटच्या प्रसंगापेक्षा क्रूर वाटतो, आणि केसचा राग मात्र येत नाही. तिचं माणूस गेलंय. पण तराजूत जे पडतं ते दोन जीव विरुद्ध एक जीव असं राहत नाही. दोन जिवांबरोबर त्यांच्यासाठी रडणारी सगळी माणसं पारड्यात बसतात, आणि दुसऱ्या पारड्यात एकटा टूव्हिक्स. त्याचं कोण होतं? जे कोण होते ते सगळे त्या दोघांचेच होते, आणि त्यांच्या शोकावरचा उपाय म्हणजेच त्याचं मरण होतं. आमच्या चौघींच्या भांडणात 'दोन आणि एक' ही आकडेमोड पहाटेपर्यंत चालली. कुणासाठी रडायला किती जण आहेत यावर त्याचं वजन ठरतंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

'स्टार ट्रेक'ने हा खेळ आधीही केला होता, म्हणून तुलना करता येते. १९६६ मधल्या 'द एनिमी विदिन' या भागात ट्रान्सपोर्टर उलटा बिघडतो आणि कॅप्टन कर्कचे दोन होतात, एक मवाळ आणि एक हिंस्र. शेवटी दोघांना एकत्र केलं जातं. हिंस्र कर्क जगायचंय म्हणून गयावया करतो, पण तो भाग कुणाला खुनाचा वाटत नाही. बरा झाला एकदाचा, असंच वाटतं. १९९३ मधल्या 'सेकंड चान्सेस'मध्ये रायकर नावाच्या अधिकाऱ्याचे दोन होतात आणि दुसरा आठ वर्षं एका ग्रहावर अडकून पडलेला सापडतो. त्याला पुसून टाका असं कुणीही सुचवत नाही. म्हणजे यंत्राच्या चुकीतून निघालेला माणूस दुरुस्त करायचा की त्याला जहाजावर नोकरी द्यायची, हे कुठल्या तत्त्वावर ठरत नाही. तो जगल्याने आपलं कुणी अडलंय का, यावर ठरतं.

आणि आपल्याकडे तर हा प्रश्न वेताळाने विक्रमाला कधीच विचारून ठेवलाय. दोन पुरुषांची शिरं अदलाबदल होऊन बसली. आता ती बाई कुणाची बायको? विक्रम सांगतो, शिर श्रेष्ठ, ज्याचं शिर त्याची बायको. थॉमस मानने १९४० मध्ये या कथेवर कादंबरी लिहिली, गिरीश कार्नाडांनी १९७१ मध्ये 'हयवदन' नाटक, आणि दोघांनाही विक्रमाचं उत्तर पुरेसं वाटलं नाही हे उघड आहे. लहानपणी गोष्ट ऐकताना मला कौतुक वाटायचं ते विक्रमाच्या हजरजबाबीपणाचं. आता खटकतं ते हे, की विक्रमाने समोरच्या जोडलेल्या माणसाला तू कोण असं विचारण्याची सोयच त्या गोष्टीत नाही. निदान टूव्हिक्सला विचारतात. दोन्ही बायकांवर, म्हणजे केस आणि टूव्हॉकची दूरची पत्नी यांच्यावर, माझं प्रेम आहे असं तो प्रामाणिकपणे सांगतोही. विचारून मग ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

डॉक्टरबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. व्हॉयेजरचा डॉक्टर माणूस नाही. तो होलोग्राम आहे, म्हणजे एक प्रोग्राम. सगळ्या यानावर 'मी हे करणार नाही' असं म्हणणारा एकमेव जण हे सॉफ्टवेअर आहे. माझ्या व्यवसायातल्या माणसाला याने गुदगुल्या होणारच. पण वेगळं करण्याची रीत शोधली कुणी? त्यानेच. तो हत्यार बनवतो, त्याची चाचणी घेतो, टेबलावर मांडून ठेवतो आणि मग वापरायला नकार देतो. हे मला फार ओळखीचं वाटतं. बनवताना आपण फक्त कोडं सोडवत असतो. ते चालवायचं कुणावर, हा प्रश्न डेमोच्या दिवशी उभा राहतो. त्याच्या नकाराने टूव्हिक्सच्या नशिबात काही फरक पडत नाही. फरक एवढाच पडतो, की जेनवेला ते स्वतःच्या हाताने करावं लागतं, आणि त्यामुळेच मी तिचा मान राखते. निर्णय घेणारा आणि बटण दाबणारा एकच असावा, एवढं तरी इथे घडतं.

भागाचा खरा दोष मला त्यानंतरच्या आठवड्यात दिसतो. मालिका पुढे जाते, जणू काही घडलंच नाही. विस्मरणाचं हे पाप इतकं डाचत राहिलं, की 'लोअर डेक्स' या कार्टून मालिकेने २०२३ मध्ये 'टूव्हिक्स' याच उच्चाराचा, पण 'दोन' या अर्थाचा श्लेष करून एक विनोदी भाग केला आणि त्यातली पात्रं जेनवेच्या निर्णयाने हादरलेली दाखवली. सत्तावीस वर्षांनी, थट्टेत का होईना, त्याच्यासाठी कुणीतरी चकार शब्द काढला.

आता आत्याबद्दल. ती साताऱ्यात गणित शिकवायची, तीस वर्षं. कडक. सुट्टीत तिच्याकडे गेलं की सकाळी पाढे म्हटल्याशिवाय पोहे मिळायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. जगली, चालायला लागली, बोलणं परतलं पण अडखळत. आकडे गेले. आणि तिचा स्वभावच पालटला : ती हसायला लागली. शेजारच्या पोरांना बोलावून त्यांच्याशी पत्ते खेळायची, हरायची आणि टाळ्या वाजवायची. देवपूजा सोडली ती सोडलीच. बाबा रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून विचारायचे, "ताई, बारा सत्ते?" ती हसायची. बाबा उठून गॅलरीत जायचे. आम्ही सगळे तिच्या देखतच म्हणायचो, पूर्वीची आत्या असती तर असं केलं असतं, पूर्वीची आत्या असती तर हे चालवून घेतलं नसतं. आम्ही तिच्यासमोर बसून तिचा शोक करत होतो, आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

पहिल्या महिन्यात मला कुणी एक बटण दिलं असतं, दाबलं की पूर्वीची आत्या परत, तर मी ते दाबलं असतं. तिला न विचारता. आणि मला खात्री होती की हे प्रेम आहे. होतंच ते प्रेम. म्हणून जेनवेला मी राक्षसीण म्हणू शकत नाही; मला तिचा चेहरा माहीत आहे. पण पुढे एकदा बाबांनी पाढ्यांचं पुस्तक काढलं तेव्हा आत्याने ते मिटलं आणि शब्द शोधत शोधत म्हणाली, "ती चांगली होती. पण मी पण आहे ना." त्या दिवसानंतर ते बटण मला कुणी दिलं तर काय करीन, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पूर्वीची आत्या मला अजून हवी आहे. तिला माझं पहिलं प्रमोशन सांगायचं राहून गेलं.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा लॅपटॉपवर तिला हा भाग दाखवला. संवाद इंग्रजीत, म्हणून थांबवून थांबवून मराठीत सांगत होते. तिला कळेल की नाही याची शंका होती. तिने मटाराच्या शेंगा सोलता सोलता पूर्ण पाहिला. टूव्हिक्स विनवत फिरतो तिथे तिचा हात थांबला. संपल्यावर तिने विचारलं, "मग त्या स्वयंपाक्याला आठवतं का? मधलं?"

इतक्या वर्षांच्या भांडणात आमच्या चौघींपैकी एकीलाही हा प्रश्न सुचला नव्हता. मी म्हटलं, "माहीत नाही गं आत्या. पुढच्या भागात कुणी विषयच काढत नाही."

"नाहीच काढणार," ती म्हणाली, आणि सोललेल्या मटारांची वाटी माझ्याकडे सरकवली.